होली लँड टूरचा रिव्ह्यू : जेवण ए-वन, गाइड मात्र नुसता चला चला

संभाजीनगरच्या एका टूरवाल्याकडून आईला घेऊन जेरुसलेम-बेथलेहेम करून आलो, युद्धाच्या आधी, त्यामुळं आताचे रेट त्यांनाच विचारा. हॉटेल बेथलेहेमला होतं, एकदम स्वच्छ, आणि रात्री वरणभात मिळाला म्हणल्यावर जालना-बीडकडची आमची अख्खी बस खुश, आईची शेंगदाण्याची चटणी बरीचशी तशीच परत आली.

राग आहे तो गाइडवर. होली सेपल्करला, म्हणजे येशूची कबर मानतात त्या जेरुसलेमच्या चर्चला, दाराच्या वर खिडकीखाली एक लाकडी शिडी टेकवलेली दिसते, आईनं विचारलं ही कोण विसरलं हो, तर म्हणे जुनी आहे. जुनी आहे ते दिसतंयच की! खरी गोष्ट अशी की ग्रीक, आर्मेनियन, आपले फ्रान्सिस्कन (कॅथलिक साधू), कॉप्ट (इजिप्तचे), सिरियन, इथियोपियन असे सहा ख्रिस्ती पंथ तिथं आहेत, आणि १८५२ च्या ऑटोमन फर्मानानं जे जसं आहे ते तसंच ठेवायचं ठरलं, याला स्टेटस को म्हणतात, म्हणून ती शिडी कोणी एकटा हलवू शकत नाही. दाराची किल्ली तर जौदेह नावाच्या मुस्लिम घराण्याकडं आणि दार उघडायचा मान नुसैबा घराण्याला, ते पण मुस्लिमच. खुलताबादच्या उरुसाला सगळेच जातात, त्यामुळं आपल्याला यात नवल नाही, पण इथं कोणी कुठं झाडू मारायचा हे पण ठरलेलं!

आता मेन तक्रार. ब्रोशरवर चक्क छापलेलं, 'शेवटच्या भोजनाच्या माडीवर मिस्सा', म्हणजे येशूनं शिष्यांसोबत शेवटचं जेवण केलं मानतात त्या खोलीत कॅथलिक उपासना. अहो तिथं रोजची मिस्सा करूच देत नाहीत. खाली ज्यू लोक दाविद राजाची कबर मानतात, वर माडी, आणि त्याच माडीच्या भिंतीत मिहराब (मक्केची दिशा दाखवणारा मशिदीतला कोनाडा), कारण १६ व्या शतकात फ्रान्सिस्कनांना काढून तिथं मशीद केली होती, आता ताबा इस्रायलचा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० ला आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१४ ला तिथं मिस्सा केली पण ती स्पेशल परवानगीनं. व्हॅटिकन आणि इस्रायलनं ३० डिसेंबर १९९३ च्या करारात स्टेटस को पाळायचं लिहून दिलं, पण चर्चच्या मालमत्तेचा आणि टॅक्सचा विषय पुढच्या बोलणीवर टाकला आणि ती बोलणी वर्षानुवर्षं चालूच. जे पोपच्या माणसांना जमेना ते आमचा टूरवाला ब्रोशरवर छापून मोकळा! शेवटी शेजारच्या फ्रान्सिस्कन मठातल्या छोट्या चॅपलमध्ये मिस्सा झाली, छान झाली, पण हे आधी सांगायला काय जात होतं?

बुकिंग करताना मिस्सा नेमकी कुठं ते लेखी घ्या आणि माडीसाठी निदान तासभर मागून घ्या, आम्हाला फोटोपुरताच टाइम दिला. हॉटेलला पाच स्टार, गाइडला दोन.