प्रिन्स चार्ल्स सिनेमा, लंडन: इथे प्रेक्षकाला काम असतं

लेस्टर स्क्वेअरच्या गर्दीतून चायनाटाउनकडे निघालात की लेस्टर प्लेस नावाची आखूड गल्ली लागते. त्या गल्लीत प्रिन्स चार्ल्स सिनेमा आहे. स्क्वेअरवरची मोठी थिएटरं नव्या चित्रपटांच्या प्रीमियरसाठी प्रसिद्ध आहेत, आणि त्यांच्यापासून दोन मिनिटांवर हे थिएटर जुने, पडलेले, विसरलेले, वेड लावणारे चित्रपट पुन्हा पुन्हा लावतं. लंडनमध्ये राहणाऱ्या किंवा इथे फिरायला येणाऱ्या प्रत्येक मराठी सिनेमावेड्या माणसाने एक संध्याकाळ इथे काढावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी कामाची माहिती. पडदे दोन. खालच्या हॉलमध्ये साधारण 300 खुर्च्या, वरच्यात शंभरेक. तिकीट स्क्वेअरवरच्या थिएटरांपेक्षा बरंच स्वस्त पडतं, आणि वर्षाची मेंबरशिप घेतली तर आणखी कमी. खालच्या हॉलच्या जमिनीचा उतार वेगळाच आहे, पुढच्या रांगा पडद्याच्या दिशेने चढत जातात. मी नेहमी मागून तिसरी-चौथी रांग धरते. इथे 35 आणि 70 मिलिमीटरची रिळं अजून चालवतात. ज्या खेळापुढे तसं लिहिलेलं असेल त्याचं तिकीट आधी काढा, ते लवकर संपतात. रात्रभराचे सलग खेळ असतात, त्याला लोक रात्रीच्या कपड्यांत, उशी घेऊन येतात. डिसेंबरात ठरलेले जुने चित्रपट दरवर्षी परत लागतात आणि तीच माणसं ते पाहायला परत येतात.

इमारत 1962 ची, सुरुवातीला नाटकांसाठी बांधलेली. सत्तरच्या दशकात इथे प्रौढांचे चित्रपट चालायचे. 1990 च्या दशकात थिएटरने आजची वाट धरली. शेजारीच नोत्र दाम द फ्रान्स हे फ्रेंच लोकांचं गोल चर्च आहे. त्याच्या एका कोपऱ्यात झाँ कॉक्तोने रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. कॉक्तो स्वतः चित्रपट दिग्दर्शक. खेळाला अर्धा तास असेल तर आत डोकावून या, पैसे पडत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. ‘द रूम’ हा टॉमी वायझो या माणसाने 2003 मध्ये स्वतः लिहून, दिग्दर्शित करून, त्यात नायक होऊन काढलेला अमेरिकन चित्रपट. लॉस एंजेलिसमध्ये तो आला तेव्हा सपाटून पडला. तो या थिएटरात वर्षानुवर्षं दर महिन्याला लागत आलाय. मी आधी तो घरी लॅपटॉपवर पाहिला होता आणि अर्ध्यात बंद केला होता. नायिकेची आई एका प्रसंगात आपल्याला कर्करोग झाल्याचं सांगते आणि पुढे चित्रपट संपेपर्यंत त्याचा कुणी उल्लेखसुद्धा करत नाही. गच्चीवरच्या प्रसंगात मागचं शहर चिकटवलेलं आहे हे शेंबड्या पोरालाही कळावं. घरी एकटीने पाहताना या सगळ्याचा फक्त कंटाळा येतो.

थिएटरात मी मिरजेहून आलेल्या मामांना घेऊन गेले. मामांची सगळी नोकरी एसटीत झाली, इंग्रजी कामापुरतं. पिशवीत प्लास्टिकच्या चमच्यांचं पाकीट बघून ते म्हणाले, “एवढे चमचे कशाला गं? जेवण आहे काय तिथं?” मी म्हटलं, “मामा, बघा तर.”

चित्रपटातल्या दिवाणखान्यात सोफ्याजवळ एका टेबलावर तसबीर आहे आणि तिच्यात चक्क चमच्याचा फोटो आहे. तसबिरी विकत आणल्या तेव्हा आत जे नमुन्याचे फोटो होते, ते कुणी बदललेच नाहीत. ती तसबीर पडद्यावर दिसली की सगळं थिएटर “स्पून!” असं ओरडतं आणि हवेत चमचे उडतात. मागच्या रांगेतून आलेला चमचा माझ्या खांद्याला लागून मामांच्या मांडीवर पडला. दुसऱ्या वेळी तसबीर आली तेव्हा मामा उभे राहिले होते. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल दाखवताना कॅमेरा या टोकाकडून त्या टोकाकडे सरकतो, तेव्हा लोक “गो! गो! गो!” म्हणत त्याला पळवतात. कॅमेरा पलीकडे पोचला तर जल्लोष, मध्येच थांबला तर तीनशे माणसांचा एक मोठा सुस्कारा. मामांना त्यासाठी इंग्रजी लागलं नाही.

तिथे बसून मला एक गोष्ट पटली. कल्ट चित्रपट, म्हणजे मोजक्या लोकांनी वेड्यासारखा जीव लावून पुन्हा पुन्हा पाहिलेला चित्रपट, तयार होतो तो थिएटरात, आणि त्यासाठी चित्रपटात प्रेक्षकाला काहीतरी करायला जागा उरलेली असावी लागते. ‘रॉकी हॉरर पिक्चर शो’ पाहा. लंडनच्याच रॉयल कोर्ट या नाट्यगृहात 1973 साली नाटक म्हणून जन्मला, 1975 मध्ये चित्रपट झाला आणि आपटला. मग 1976 च्या एप्रिलपासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात मध्यरात्री लागू लागला. त्यातली पात्रं संवादांच्या मध्ये भरपूर थांबतात. त्या थांब्यांत लोकांनी आपली वाक्यं घालायला सुरुवात केली. मग लग्नाच्या प्रसंगात तांदूळ उधळू लागले, पावसाच्या प्रसंगात डोक्यावर वर्तमानपत्र धरू लागले. गच्च बांधलेला, कुठेही फट नसलेला उत्तम चित्रपट आपण आदराने पाहतो आणि घरी जातो. तो थोर असेल, पण त्याच्यात आपल्याला हात घालता येत नाही.

या म्हणण्याला आडवा येणारा चित्रपट आपल्याच घरचा आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ 1988 चा, सचिनचं दिग्दर्शन, वसंत सबनीसांचं लेखन. तो कधी पडला नाही आणि त्यात फटी शोधून सापडत नाहीत. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी यांचं टायमिंग इतकं घट्ट आहे की मध्ये शब्द घुसवायला जागाच नाही. तरी आमच्या घरी तो लागला की कुणीही नुसतं बघत बसत नाही. सत्तर रुपये वारल्याचा प्रसंग आला की मामा सरपोतदार होतात आणि मामी धनंजय माने, नटांच्या निम्मं वाक्य आधी. म्हणजे काम इथेही आहे, फक्त ते उत्तर देण्याचं नसून सोबत म्हणण्याचं आहे. ‘द रूम’ला लोक चुकांमुळे प्रतिसाद देतात, बनवाबनवीला पाठांतराने. दुसऱ्या जातीचं प्रेम मला जास्त टिकाऊ वाटतं. ‘जाने भी दो यारो’ 1983 मध्ये आला तेव्हा त्याच्याकडे फार लोक फिरकले नाहीत, आणि आज त्यातला महाभारताचा प्रसंग लोकांना तोंडपाठ आहे. ‘तुंबाड’ 2018 मध्ये बेताचा चालला आणि 2024 ला पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. मधल्या सहा वर्षांत ज्यांनी तो पाहिला होता त्यांनी दुसऱ्यांना हाताला धरून नेलं. तेही कामच.

आणि हे प्रेम वेळ आली की थिएटरच्याही मागे उभं राहतं. 2025 च्या सुरुवातीला जागेच्या भाडेकरारावरून प्रिन्स चार्ल्स अडचणीत आलं तेव्हा ते वाचवण्याच्या अर्जावर एक लाखाहून जास्त सह्या झाल्या. माझी आहे, मामांनी मिरजेतून केलेलीही आहे.

पहिल्यांदा जाणार असाल तर ‘द रूम’पासूनच सुरुवात करा. चमचे न्या, धातूचे मात्र नकोत. सोबत चार-पाच माणसं असू द्या, लाजणारी असली तरी चालतील. तुमच्याबरोबरचं माणूस कमी इंग्रजी समजणारं आहे म्हणून मागे राहू नका. शांतपणे, नीट ऐकत चित्रपट पाहायचा असेल तर मात्र त्या दिवशी वरच्या छोट्या हॉलमधला दुसरा एखादा खेळ निवडा. मी तिथे कित्येक संध्याकाळी एकटीने गेले आहे आणि कधी कुणी चकार शब्द काढलेला नाही.

बाहेर पडल्यावर मामा म्हणाले, “पिक्चर भंगार आहे. परत कधी लावणार?” माझी मागणी मात्र वेगळी आहे. हे थिएटर खासगी खेळांसाठी भाड्याने मिळतं. महाराष्ट्र मंडळ लंडन 1932 पासून या शहरात आहे. मंडळाने किंवा आपल्यातल्याच शंभर जणांनी वर्गणी काढून वरचा हॉल एका रविवार दुपारसाठी घ्यावा आणि बनवाबनवी लावावा, इंग्रजी सबटायटल्ससह, म्हणजे इथे वाढलेल्या पोरांनाही पुढच्या खेळापर्यंत वाक्यं पाठ होतील. वर्गणीत मला धरा. लिंबू कलरची साडी नेसून येणाऱ्यांसाठी पहिली रांग राखून ठेवायला हवी.