कोडने भरलेला मजकूर ओळखणारं टेक्स्टफील्ड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या आयओएस अ‍ॅपच्या फॉर्मसाठी यूआयटेक्स्टफील्डचा, म्हणजे अ‍ॅपलच्या मजकूर लिहायच्या तयार चौकटीचा, सबक्लास (तिच्यावर आधारलेला आपला क्लास) लिहिला, त्याला आठ महिने झाले. चौकट रिकामी असताना लेबल आत, मजकूर आला की वर. टाइप करताना पहिल्या दिवसापासून छान चाललं. पण सर्व्हरवरून आलेलं नाव कोडने भरलं की लेबल जागचं हलेना आणि लेबल आणि नाव, दोन्हींची अक्षरं एकमेकांवर!

एडिटिंग-चेंज्ड हा इव्हेंट, म्हणजे 'मजकूर बदलला' अशी चौकटीकडून येणारी सूचना, वापरणाऱ्याने टाइप किंवा पेस्ट केल्यावर येतो. टेक्स्ट प्रॉपर्टीत थेट मजकूर टाकला तर तो येत नाही, डेलिगेटलाही (चौकटीतल्या घडामोडी ज्याला कळवल्या जातात त्या ऑब्जेक्टलाही) पत्ता लागत नाही.

आधी केव्हीओ (की-व्हॅल्यू ऑब्झर्व्हिंग, म्हणजे प्रॉपर्टी बदलली की कळवणारी सोय) लावून पाहिलं. चाललं, पण यूआयकिटच्या (अ‍ॅपलच्या स्क्रीन-घटकांच्या लायब्ररीच्या) क्लासेसना केव्हीओचा आधार साधारणपणे नसतो असं अ‍ॅपल स्वतःच सांगतं, म्हणून काढून टाकलं. मग मजकूर भरल्यावर तोच इव्हेंट हाताने पाठवायला लागलो. ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. त्याच इव्हेंटवर 'बदल सेव्ह करायचे आहेत का?' हा प्रश्न अवलंबून होता. प्रोफाइल नुसतं उघडून बंद केलं तरी तो विचारला जाई. मजकूर बदलला हे कळणं आणि माणसाने बदलला हे कळणं, या दोन वेगळ्या गरजा आहेत हे मला तेव्हा उमगलं.

शेवटी सबक्लासमध्ये टेक्स्ट प्रॉपर्टी ओव्हरराइड करून (आपल्या पद्धतीने पुन्हा लिहून) डिडसेटमधून, म्हणजे प्रॉपर्टीत नवी किंमत टाकल्यावर चालणाऱ्या कोडमधून, फक्त लेबल हलवलं. टाइप करताना डिडसेट चालत नाही, त्यामुळे तिथे एडिटिंग-चेंज्डमधून तेच फंक्शन बोलावतो. अ‍ॅट्रिब्युटेड टेक्स्टही (रंग-फॉन्टसकट मजकुराची प्रॉपर्टी) वेगळं ओव्हरराइड केलं. तेव्हापासून लेबलची एकही तक्रार नाही आणि नव्या स्क्रीनवर कुणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं.

अँड्रॉइडवर उलट त्रास: मजकुरावर नजर ठेवणारा टेक्स्टवॉचर टाइप केल्यावर आणि कोडने भरल्यावर, दोन्ही वेळा जागा होतो. त्याच्या आतच मजकूर बदलला तर तो पुन्हा स्वतःलाच हाक मारत राहतो. तिथे 'हा बदल माझाच' अशी खूण सांगणारा एक फ्लॅग ठेवतो.

अजून जपावं लागतं ते फॉरमॅटिंगला. आकड्यांमध्ये जागा सोडायला टेक्स्ट पुन्हा भरलं की कर्सर शेवटी उडी मारतो, म्हणून निवडलेली रेंज आधी जपून नंतर परत लावतो. जपानीसारख्या कीबोर्डवर शब्द अर्धवट असताना मार्क्ड-टेक्स्ट-रेंज (अजून पक्का न झालेला मजकूर दाखवणारी प्रॉपर्टी) रिकामी नसते, तेवढ्या वेळात मी मजकुराला हातच लावत नाही.