नवरा जर्मन, तरी म्युनिकच्या फ्लॅटपायी ३३०० युरो गेले

माझा नवरा जर्मन आहे, ओळख दुबईत झाली, लग्न झालं आणि त्याला म्युनिकला जॉब लागला म्हणून आम्ही तिकडे शिफ्ट व्हायचं ठरवलं. नाशिकला आईबाबा म्हणाले, जावई तिथलाच आहे, मग काळजी कसली! पण जावयाने नोकरीची सगळी वर्षं दुबईत काढलेली, जर्मनीत स्वतः भाड्याने घर घेतलंच नव्हतं कधी. पार्टनर तिथला आहे म्हणजे त्याला तिथलं आजचं सगळं माहीत असतं असं धरून चालू नका, मी हे लिहितेय ते त्यासाठीच.

म्युनिकमध्ये घर मिळणं किती अवघड ते तिथे राहणाऱ्या कोणालाही विचारा. आणि आम्हाला दुबईत बसून काय दिसलं, तर श्वाबिंगसारख्या मोक्याच्या एरियात दोन खोल्यांचा फर्निश्ड फ्लॅट, किचनसकट, हीटिंग वगैरे धरून ११०० युरो. तिथे बरेच फ्लॅट किचनशिवाय मिळतात, ओटासुद्धा आपला आपण बसवायचा, त्यामुळे हे तर लॉटरीच वाटली. मेल केला तर तासाभरात उत्तर, तेही छान जर्मनमध्ये. मालक इंजिनीअर, कामासाठी इंग्लंडला आहे, किल्ली एका मोठ्या होमस्टे कंपनीतर्फे मिळेल, पैसे त्या कंपनीकडे राहतील, घर बघून नाही आवडलं तर परत. लिंक आली, पान अगदी खऱ्या साईटसारखं. त्याने विश्वास बसावा म्हणून स्वतःच्या पासपोर्टचा फोटो पाठवला, आमचाही मागितला, आम्ही दिला. एक महिन्याचं भाडं आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट असे ३३०० युरो भरले. अकाउंट नंबर ईएसने सुरू होणारा म्हणजे स्पेनचा, तर म्हणे पेमेंट ऑफिस तिकडे आहे.

पैसे गेल्यावर मेल बंद. तेवढ्यात सासूबाईंना कौतुकाने फोटो पाठवले होते, त्यांनी व्हिडिओ कॉलवर पहिलं वाक्य टाकलं, "हे जर्मनीतलं घर नाही." का, तर भिंतीवरचं सॉकेट तीन चौकोनी भोकांचं, शेजारी स्विच, म्हणजे इंग्लंडसारखं, जर्मनीत गोल दोन पिनांचं असतं. आणि दुबईतही इंग्लंडसारखंच असतं ना, त्यामुळे आम्हा दोघांना ते रोजचंच वाटलं, माझं सोडा, जर्मन माणसालाही खटकलं नाही! सासूबाईंना फोटो पैसे भरायच्या आधी दाखवायला हवे होते.

बँकेने रिकॉल म्हणजे पैसे परत मागवायची विनंती टाकली पण समोरचं अकाउंट रिकामं. पोलिसात तक्रार केली, काही महिन्यांनी सरकारी वकिलांचं पत्र आलं की आरोपी सापडत नाही, फाईल बंद.

तिथला कायदा खरंतर भाडेकरूच्या बाजूने आहे. डिपॉझिट बिनाहीटिंगच्या भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही, ते तीन हप्त्यांत भरता येतं आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. एजंटची फी २०१५ पासून ज्याने एजंट लावला त्याने भरायची. हे माहीत असतं तर किल्लीआधी ३३०० मागणारा तिथेच संशयात आला असता.

पैशापेक्षा जास्त त्रास पत्त्याचा. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी करायची, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, आणि टॅक्स नंबर, माझं व्हिसाचं कार्ड सगळं त्या नोंदणीवर अडतं. आम्ही रेगेन्सबुर्गजवळ सासरी राहिलो, कागदावर सही सासूबाईंची, आणि नवरा रोज ट्रेनने म्युनिकला दीड तास जा, दीड तास ये. पैसे घेऊन नुसत्या पत्त्याचा कागद देणारेही भेटतात, त्यांच्या नादी लागू नका, असा खोटा पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि तो पासपोर्टचा फोटो. मध्यंतरी एका ब्राझीलच्या जोडप्याने नवऱ्याला ऑनलाइन शोधून मेसेज केला, किल्ली कधी पाठवताय? त्यांना "मालक" म्हणून नवऱ्याचाच पासपोर्ट गेला होता! त्यांनी आदल्याच दिवशी पैसे भरलेले, मग आम्ही सांगितलं आधी बँकेला फोन करा, आमच्याशी नंतर बोला. नवऱ्याने पोलिसांना पासपोर्टचंही लेखी कळवून ठेवलंय, आणि आता कुठे कॉपी द्यावी लागली तर त्यावर आडवं लिहितो, कोणाला, कशासाठी, कुठल्या तारखेला.