भोसरीत घडवून घेतलेला पटर

गोल्फचा पटर, म्हणजे चेंडू लोळवत भोकात घालायची काठी, आपल्या मापाने घडवून घ्यायचा म्हटले की परदेशी कंपन्यांची नावे पुढे येतात आणि किंमत ऐकून विषय तिथेच संपतो. साचे आणि हत्यारे घडवणाऱ्या टूलरूममध्ये तीस वर्षे काढलेल्या मला मात्र प्रश्न पडला, की अखंड ठोकळ्यातून मिलिंग करून, म्हणजे मशीनवर कापून, काढायची ही वस्तू भोसरीत का होऊ नये? म्हणून फेब्रुवारीत एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपला मी हे काम दिले. एप्रिलपासून येरवड्याच्या गोल्फ मैदानावर तोच पटर वापरतो आहे.

रचना माझी म्हणण्याजोगी नाही. कार्स्टन सोल्हाइम यांनी १९६६ साली आणलेल्या पिंगच्या अ‍ॅन्सर पटरमध्ये हेडचे, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या खालच्या भागाचे, वजन टो (बाहेरचे टोक) आणि हील (खेळाडूकडचे टोक) या दोन्ही टोकांकडे सरकवलेले होते, त्यामुळे चेंडू मध्यबिंदू चुकवून लागला तरी हेड कमी पिळते. पुढे जवळपास सगळ्यांनीच तो आकार उचलला. मीही तोच धरला, फक्त शाफ्ट (दांडा) पेलणारी मान आखूड केली, कारण माझा स्ट्रोक किंचित कमानीत फिरतो आणि अशा स्ट्रोकला टो झुकणारा पटर मानवतो. गवतात बसलेला चेंडू जरासा उचलून लोळता करण्यापुरता लॉफ्ट, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या फेसचा मागचा कल, ३ अंश ठेवला. लाय, म्हणजे जमीन आणि शाफ्ट यांतला कोन, ७१ अंश धरला. शाफ्ट उभ्या रेषेपासून किमान १० अंश कललेला हवा, हा नियम त्यात सहज पाळला जातो.

अ‍ॅल्युमिनियमचा पहिला नमुना हातात आला तेव्हा मी तो तीनदा उलटसुलट करून पाहिला. माप अचूक, कडा स्वच्छ, पण पटर डावखुऱ्याचा! मी अमेरिकी पद्धतीने, म्हणजे थर्ड अँगलमध्ये ड्रॉइंग काढले होते आणि वर्कशॉपने आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे ते फर्स्ट अँगलमध्ये वाचले; दोन्हींत दृश्यांच्या जागा उलट असतात, म्हणून आकार आरशातल्यासारखा उलटला. मालक शांतपणे म्हणाले, "साहेब, ड्रॉइंगवर प्रोजेक्शनचं चिन्ह कुठंय?" चिन्ह नव्हतेच. नमुन्याचे अडीच हजार रुपये मी मुकाट्याने दिले आणि पुढचे काम थ्रीडी मॉडेलवरून करायला सांगितले.

खऱ्या हेडसाठी ईएन ८ या साध्या, गंजणाऱ्या कार्बन पोलादाचा १२० बाय ३५ बाय ३० मिमीचा ठोकळा घेतला. तो किलोच्या आसपास भरतो आणि त्यातले जेमतेम ३५० ग्रॅम पटरमध्ये उरतात, बाकीचा चुरा. माझ्या काट्यावर तयार हेड ३५३ ग्रॅम भरले, म्हणजे मॉडेलपेक्षा फक्त ३ ग्रॅम जास्त. फेसवर फ्लाय कटरने, म्हणजे एका पात्याच्या फिरत्या हत्याराने, उमटवलेल्या बारीक कमानी इतक्या समान अंतरावर आहेत, की त्यांवरून नख फिरवण्याचा मोह अजूनही आवरत नाही. मशीनवरच्या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

मात्र पटर म्हणजे काय, हे या मंडळींना ठाऊक नाही, आणि ते गिऱ्हाइकाने आधीच ओळखून राहावे. शाफ्टचे भोक त्यांनी नेमके शाफ्टच्याच व्यासाचे, ९.४ मिमीचे केले; शाफ्ट चिकटवणाऱ्या इपॉक्सीला जागाच उरली नाही आणि भोक मोठे करायला पुन्हा रीमर फिरवावा लागला. ड्रॉइंगमध्ये लिहिले तेवढेच मिळते, न लिहिलेले कोणी विचारत नाही. शाफ्ट आणि ग्रिप मला स्वतःच बसवावी लागली.

खरी तक्रार फिनिशची आहे. ब्लॅकनिंग, म्हणजे पोलादावर रसायनाने चढवलेला काळा थर, बाहेरून करून आणले होते आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सोलवरच्या (तळावरच्या) खाचेत तांबूस गंज दिसू लागला. ईएन ८ निवडण्याचा हट्ट माझा होता हे खरे, आणि ब्लॅकनिंगवर तेलाचा हात फिरवत राहावे लागते हेही मला माहीत होते. तरीही पावसाळ्याच्या तोंडावर एवढा पातळ थर चालणार नाही, हे त्यांनी सांगायला हवे होते. काम पुन्हा फुकट करून दिले, पण त्यासाठी तीन आठवडे फोन करावे लागले.

नमुना धरून एकूण खर्च साडेबारा हजार रुपये झाला. ज्याला स्वतः मॉडेल काढता येते, त्याने इथे जरूर जावे आणि ठोकळा स्टेनलेसचाच घ्यावा. ज्याला आपला स्ट्रोक पाहून कोणीतरी मान, लॉफ्ट आणि लांबी सुचवावी असे वाटते, त्याचे काम इथे होणार नाही.