किनाऱ्यावर फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या) गाड्या: सरसकट बंदी की परवाना?

दक्षिण आफ्रिकेने 2001 च्या नियमांनी मौजेसाठी किनाऱ्यावर गाड्या नेणं जवळजवळ बंदच केलं. त्यानंतर वाळूत अंडी घालणाऱ्या आफ्रिकन ब्लॅक ऑयस्टरकॅचर पक्ष्यांची पिल्लं जास्त जगू लागली. ऑस्ट्रेलियातल्या के'गारी बेटावर मात्र परवाना काढून गाडी चालवता येते. तिथला किनाराच मुख्य रस्ता आहे. अमेरिकेतल्या केप हॅटरसच्या किनाऱ्यावर 2012 पासून परवाना लागतो आणि कासवांच्या हंगामात रात्री गाड्यांना मनाई असते.

परवान्याची बाजू मला पटते, पण अर्धीच. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर टायरची हवा कमी करून सावकाश गेलं तर नुकसान खरोखर कमी होतं. वृद्ध, अपंग आणि गळ टाकणारे लांबवर पोहोचतात, हेही खरं. अडचण भरतीरेषेच्या वर आहे. तिथल्या कोरड्या वाळूत अंडी असतात, आणि चाकांच्या खोल चाकोरीत कासवाचं पिल्लू अडकलं की समुद्र गाठण्याआधीच दमतं. वाळूच्या टेकड्यांवरचं गवत एकदा तुटलं की वाळू उडू लागते.

जिथे घरटी आहेत तिथे मी बंदीच मागेन. उरलेल्या किनाऱ्यावर परवाना चालेल, पण गस्त घालणारी माणसं असतील तरच.