मापात पाप : जांभळी नाक्यावरचे मेजरिंग कप आणि वजनकाटा

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात केकचं सामान घ्यायला गेलात की दोन वस्तू समोर येतात. एक, कप आणि चमच्यांचा रंगीत प्लास्टिकचा संच. दुसरी, एसएफ-४०० छापलेला पांढरा डिजिटल काटा. एकच घ्यायचं असेल तर काटा घ्या.

कप घेताना त्यावर २४० मिली लिहिलंय की २५०, ते बघा. अमेरिकी पाककृतीतला कप साधारण २४० चा, ऑस्ट्रेलियातला २५० चा. आपली आमटीची वाटी यातल्या कशातच बसत नाही. काहीच छापलेलं नसेल तर रिकामा कप काट्यावर ठेवून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. १ मिली पाणी म्हणजे जवळपास १ ग्रॅम, त्यामुळे दिसेल तो आकडा म्हणजे कपाचं खरं माप. अर्ध्या कपाचीही अशीच परीक्षा घ्या. स्वस्त संचात दोन अर्धे मिळून एक होतोच असं नाही.

पण कप अगदी बरोबर निघाला तरी मैदा बरोबर मोजला जाईलच असं नाही. चमच्याने हलकेच भरून सुरीने शीग उतरवली, तर २४० मिलीच्या कपात सुमारे १२० ग्रॅम मैदा बसतो. तोच कप डब्यात खुपसून भरला की १४० ते १५०. कप ओट्यावर आपटलात तर आणखी जास्त. ‘१ कप चाळलेला मैदा’ आणि ‘१ कप मैदा, चाळून’ हेही वेगळं: पहिल्यात आधी चाळून मग मोजायचं, म्हणून तो ११० च्या आसपास भरतो.

पावाच्या पिठात हा फरक लगेच हाताला कळतो. ४ कप मैदा म्हणजे ४८० ग्रॅम, त्याला ३१० ग्रॅम पाणी, म्हणजे मैद्याच्या ६५ टक्के. खुपसून भरलेले ४ कप ५८० ग्रॅमपर्यंत जातात आणि तेच पाणी ५३ टक्क्यांवर येतं. कणीक दगडासारखी होते, पाव फुगत नाही, आणि दोष मात्र यीस्टला! केकमध्ये हाच जादा मैदा वर तडे पाडतो आणि आत कोरडा भुगा करतो. नानकटाईत उलट मैदा कमी पडला तर ती तव्यावरच्या धिरड्यासारखी पसरते.

त्याच कपात साखर २०० ग्रॅम, पिठीसाखर १२०, कोको ८५ आणि लोणी २२७ भरतं. म्हणजे ‘१ कप म्हणजे इतके ग्रॅम’ असा सगळ्यांना चालणारा एकच आकडा नसतो. चक्कीच्या कणकेचं तर दळणागणिक बदलतं. पाककृती एकदा ग्रॅममध्ये करून वहीत लिहून ठेवा आणि कप दूध-पाण्याला वापरा.

आता काट्याचे दोष. तो एकेक ग्रॅमच दाखवतो, त्यामुळे १ टीस्पून इन्स्टंट यीस्ट (सुमारे ३ ग्रॅम) किंवा बेकिंग पावडर (सुमारे ४ ग्रॅम) त्यावर मोजू नका. तिथे संचातले चमचेच भरवशाचे, आणि खरं तर संच घ्यायचा तो या चमच्यांसाठी. चिमूट-चिमूट टाकत गेलं तर अशा काट्यांचा आकडा हलतच नाही, म्हणून भांडं उचलून परत ठेवा. मध्येच चाळायला थांबलात तर काटा आपोआप बंद होतो आणि शून्य केलेलं भांड्याचं वजन विसरतो. रिकाम्या भांड्याचं वजन आधीच टिपून ठेवलेलं बरं. काही काट्यांवर मिलीचं बटण असतं, ते पाण्याचा हिशेब धरतं. तेल किंवा मध त्यावर मोजलंत तर चुकलात.

घ्यायच्या आधी दुकानातच एक सीलबंद अर्ध्या किलोचं मैद्याचं पाकीट ठेवून बघा. पिशवीचं वजन धरून ५०० च्या थोडा वर दिसला तर ठीक. तेच पाकीट कोपऱ्यावर ठेवल्यावर आकडा बदलत असेल तर दुसरा काढायला सांगा.