जुना एसईओ, एआयचं पॅकेज की गूगल मॅप: वेबसाइटवाल्यानं पैसे कुठे घालावेत?

छोट्या धंद्याची वेबसाइट असेल तर हा फोन तुम्हालाही येऊन गेला असेल: "सर, एसईओ संपलं, आता जीईओ करावं लागतं." एसईओ म्हणजे गूगलच्या निकालांत आपली साइट वर आणायची खटपट, तर जीईओ म्हणजे चॅटजीपीटी, जेमिनी, पर्प्लेक्सिटी यांच्या उत्तरांत आपलं नाव यावं म्हणून करायची खटपट. फोन करणारी मंडळी बहुधा तीच, जी कालपरवापर्यंत बॅकलिंकचं (दुसऱ्या साइट्सवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंकचं) पॅकेज विकत होती. तरीही प्रश्न खोटा नाही. महिन्याला पाच-दहा हजार बाजूला काढता येत असतील, तर ते नेहमीच्या एसईओवर घालावेत, या नव्या पॅकेजवर, की गूगल मॅपवरच्या आपल्या प्रोफाइलवर?

निवड करण्याआधी एक आकडा बघा. गूगलनं मे 2024 मध्ये अमेरिकेत निकालांच्या डोक्यावर एआयनं लिहिलेला सारांश दाखवायला सुरुवात केली आणि ऑगस्टमध्ये तो भारतात इंग्रजी-हिंदीतून आणला. प्यू रिसर्च सेंटरनं मार्च 2025 मधली सुमारे 900 अमेरिकी लोकांची शोधाशोध तपासली. सारांश नव्हता तिथे लोकांनी 15 टक्के वेळा एखाद्या निकालावर क्लिक केलं. सारांश होता तिथे 8 टक्के. आणि सारांशाच्या आत दिलेल्या लिंकवर? फक्त 1 टक्का.

हा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. "रूट कॅनाल म्हणजे काय" हे पान वाचायला येणारा माणूस आता गूगलवरच उत्तर वाचून निघून जातो. "कोथरूडमध्ये रूट कॅनाल" शोधणाऱ्याला मात्र खुर्चीत बसायचंच आहे, सारांश वाचून दाढदुखी थांबत नाही. आपली पानं या दोन ढिगांत वाटून बघितली की अर्धा निर्णय आपोआप होतो.

नेहमीचा एसईओ

याला मेलेला म्हणणं घाईचं आहे, पण त्यातला बराच भाग मेलाय हे खरं. प्रश्नोत्तरांचा स्कीमा (पानात काय आहे हे गूगलला सांगणारा कोड) लावून निकालात जास्त जागा अडवायची युक्ती ऑगस्ट 2023 मध्येच गेली. गूगलनं ती सोय सरकारी आणि आरोग्यविषयक अधिकृत साइट्सपुरती ठेवली. तरीही कोटेशनमध्ये "एफएक्यू स्कीमा" ही ओळ अजून दिसते, तिचे पैसे देऊ नका. घाऊक मजकुराचंही तेच. मार्च 2024 च्या अपडेटबरोबर गूगलनं केवळ रँकिंगसाठी ढिगानं पाडलेली पानं थेट स्पॅमच्या नियमांत घातली, मग ती माणसानं लिहिलेली असोत की एआयनं. महिन्याला तीस ब्लॉग देतो म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा.

टिकलंय ते कंटाळवाणं काम. साइट मोबाइलवर पटकन उघडणं, बटण दाबल्यावर 200 मिलिसेकंदांच्या आत हालचाल दिसणं, प्रत्येक सेवेला स्वतंत्र पान आणि त्या पानावर खरा दर. आपल्याकडे दर लिहायला लोक बिचकतात. "संपर्क करा" एवढंच लिहिलेल्या पानातून गूगलनं काय उचलायचं आणि एआयनं तरी काय?

मराठी साइट असेल तर आणखी एक. आपले लोक मराठी प्रश्न सर्रास रोमन लिपीत टाइप करतात. सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट कोणत्या शोधांत दिसते हे दाखवणारं गूगलचं साधन) असे शोध बघा आणि त्यांना उत्तर देणारी पानं आधी नीट करा. हे काम घरीच होतं.

जीईओचं पॅकेज

या नावामागे खरं संशोधन आहे. प्रिन्स्टन, आयआयटी दिल्ली वगैरे ठिकाणच्या संशोधकांनी 2023 मध्ये निबंध मांडला. मजकुरात आकडे, अवतरणं आणि स्रोतांचे उल्लेख असले की एआयच्या उत्तरांत त्याला जास्त जागा मिळते, कीवर्ड (शोधशब्द) कोंबून फारसं काही मिळत नाही, असं त्यांना आढळलं. म्हणजे चांगलं लिहा! त्याला वेगळं पॅकेज कशाला?

गूगलची स्वतःची मार्गदर्शिका सांगते की एआय सारांशात येण्यासाठी वेगळी फाइल किंवा खास मार्कअप लागत नाही. त्यामुळे "एलएलएम्स डॉट टीएक्सटी" (एआयला साइटची ओळख करून देणारी फाइल) बसवण्याचे पैसे मागितले तर हसून सोडून द्या. कोणत्या बॉटनं (साइट वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं) आत यावं हे सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये चॅटजीपीटीच्या शोधाचा बॉट, ओएआय-सर्चबॉट, चुकून अडवलेला नाही ना, एवढं डेव्हलपरला बघायला सांगा.

खरी अडचण मोजमापाची आहे. सर्च कन्सोल एआय सारांशातून आलेले क्लिक वेगळे दाखवत नाही, ते एकूण वेब शोधातच मिसळतात. आणि चॅटबॉटला तोच प्रश्न दोनदा विचारला तर दोन वेगळी नावं येऊ शकतात. "आम्ही तुम्हाला चॅटजीपीटीत आणलं" याचा पुरावा म्हणून एक स्क्रीनशॉट येईल. तो कुणीही काढू शकतं.

गूगल मॅपवरचं प्रोफाइल

दुकान, दवाखाना, क्लास, होमस्टे असेल तर सुरुवात इथूनच, आणि हे फुकट आहे. क्रम कशावर ठरतो हे गूगल उघड सांगतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि ठळकपणा. अंतर विकत घेता येत नाही. बाकी दोन हातात आहेत: मुख्य कॅटेगरी अचूक निवडणं, सणासुदीच्या वेळा बदलणं, ताजे फोटो टाकणं, प्रत्येक रिव्ह्यूला उत्तर देणं. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणं नियमाबाहेर आहे. नावात "बेस्ट डेंटिस्ट पुणे" घुसडणंही तसंच, त्यापायी प्रोफाइल बंद पडू शकतं. तो धोका लक्षात ठेवा. ही जागा तुमची नाही, गूगलची आहे. म्हणून खाली स्वतःच्या डोमेनवरची साइट हवीच, पाच पानांची का होईना.

मग कुणी काय घ्यावं?

दापोलीच्या होमस्टेवाल्यानं आधी प्रोफाइल, मग दर, खोल्या आणि पोहोचायच्या रस्त्याची दोन-तीन पक्की पानं, बस. ऑनलाइन माल विकणाऱ्यानं गूगलच्या मर्चंट सेंटरमध्ये उत्पादनं लावावीत, तिथे ती फुकट दाखवायची सोयही मिळते. उरलेले पैसे साइटच्या वेगावर घालावेत. सगळ्यात अवघड पाककृती किंवा एमपीएससीच्या नोट्स देऊन जाहिरातींवर चालणाऱ्यांचं. 2018 मध्ये गूगलच्या अॅडसेन्स या जाहिरात सेवेनं मराठी स्वीकारल्यावर उभा राहिलेला हा धंदा नेमका पहिल्या ढिगात मोडतो. त्यांना मी तिन्हींपैकी काहीच घ्यायला सांगणार नाही. तो पैसा व्हॉट्सअॅप चॅनेल, ईमेल यादी आणि पैसे मोजून घ्यावी अशी एखादी टेस्ट सिरीज यांत जावा.

आणि कुणाशीही करार करा, त्याआधी सर्च कन्सोल, बिझनेस प्रोफाइल आणि डोमेन या तिन्हींची मालकी तुमच्याच ईमेलवर आहे का ते तपासा. एजन्सीला फक्त वापराची परवानगी द्यायची, ती नंतर काढूनही घेता येते.